बावीस किलोमीटर चारशे मीटर

वायरमनला कुणी वायरमन म्हटलेलं आवडत नसे. सव्वीस वर्षं त्यानं तांब्याच्या तारांवर काढली, तोवर ते नाव त्याला शोभलं. पण आता त्याच्या हातात होती ती काच. केसाहून बारीक काचेचे तंतू, एका काळ्या केबलमध्ये चोवीस. प्रत्येकाचा रंग वेगळा, नाहीतर ओळखायचं कसं? "ही वायर नाही हो, काच आहे, काच. हिच्यातून उजेड पळतो," असं तो सुरुवातीला भेटेल त्याला सांगायचा. लोक माना डोलवायचे आणि पुढच्याच वाक्याला म्हणायचे, "असं होय! बरं वायरमन, मग सुरू कधी होणार?" शेवटी त्यानंच नाद सोडला.

गावोगावी वेगवान इंटरनेट पोचवायचं असं सरकारनं ठरवलं, तेव्हा जुन्या टेलिफोन खात्यातल्या माणसांना विचारलं गेलं, नवं शिकता की घरी बसता? त्याच्या बरोबरीचे बहुतेक घरी बसले. हा एक्कावन्नाव्या वर्षी बावीस-तेवीसच्या पोरांबरोबर बाकावर जाऊन बसला. पोरं हसली. पण जोडकामाची परीक्षा झाली तेव्हा सगळ्यांत स्थिर हात याचा निघाला. तंतूवरचं रंगीत साल सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, टोक सरळ छाटायचं, दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवायची. यंत्र ठिणगी टाकतं आणि काच काचेला वितळून चिकटते. छाटलेले तुकडे मात्र बाटलीत गोळा करायचे. एखादा बोटात शिरला तर दिसत नाही, पण आठवडाभर जागा सोडत नाही.

तो राहायचा एका बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत. बायको मुलीकडे परदेशी गेली होती, बाळंतपणासाठी, सहा महिने म्हणून. मग नातू चालायला लागला की येते म्हणाली. मग बोलायला लागला की. आता तो शाळेत रुळला की, असं चाललं होतं. भांडण म्हणावं तर नव्हतं. दर रविवारी ती फोनच्या पडद्यावर दिसे. चित्र इतकं स्वच्छ, की तिच्या मागच्या नळाचा गळणारा थेंबसुद्धा त्याला मोजता येई.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"आमचं व्हायचंय अजून."

मग कोण आधी बोलणार याची दोघं वाट पाहत. तेवढ्यात नातू येऊन लाल बटण दाबे. पूर्वी तो दूरच्या कामावर असायचा तेव्हा तीन मिनिटांचा फोन लागायचा, तोही खरखरत, आणि तीन मिनिटांत दोघं आठवड्याचं सगळं बोलून मोकळी व्हायची. आता वेळेला तोटा नव्हता. बोलणंच कुठेतरी आटलं होतं.

शिकून झाल्यावर त्याला एक लाइन सांभाळायला मिळाली. मोठ्या गावापासून शेवटच्या खेड्यापर्यंत अडतीस किलोमीटर. वाटेत तीन गावं. त्यांतल्या एकात शाळा, एकात दवाखाना. केबल तुटली की मोठ्या गावातलं यंत्र तिच्यात उजेड सोडून कुठे अडतंय ते मापायचं आणि आकडा सांगायचं. मग वायरमन आपली छोटी गाडी काढून तेवढं अंतर जायचा.

त्या वर्षी पहिला बिघाड निघाला बावीस किलोमीटर चारशे मीटरवर.

तिथे रस्ता एका खोलगट जागेत उतरतो. कोरड्या ओढ्यावर लहानसा पूल आहे आणि पुलालगत एकच घर. ट्रकचा धक्का बसून पुलाच्या कडेचा लोखंडी पाइप फुटला होता, आणि आतली केबल वीतभर उघडी पडून तुटली होती. तो पुलाशी मांडी घालून जोडत बसला. तासाभरानं डोक्यावर सावली पडली. वर पाहिलं तर एक म्हातारी बाई, हातात चहाचा कप.

"ऊन लागतंय तुला. अंगणात ये की."

"यंत्र हलवता येत नाही मावशी."

"मग मी छत्री धरते."

आणि खरंच, ऐंशीच्या घरातली ती बाई दोन तास त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली. तोंड अखंड चालू. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा शहरात, मोठ्या हुद्द्यावर. तीन कोंबड्या, पैकी एक अंडं देत नाही, नुसती आरडते. "माझ्यासारखीच," मावशी म्हणाली. काम संपल्यावर तिनं त्याला उकडलेली अंडी आणि पाव खाऊ घातला. निघताना वायरमनच्या लक्षात आलं, महिन्याभरात कुणासमोर बसून जेवल्याचं त्याला आठवत नव्हतं.

पाच आठवड्यांनी पुन्हा बावीस किलोमीटर चारशे मीटर. पाइप अजून दुरुस्त झाला नव्हता. घूस असेल, असं त्यानं धरलं. मावशीनं या वेळी बटाटे उकडले होते. मग तिसऱ्यांदा, मग चौथ्यांदा. आकडा पडद्यावर आला की वरिष्ठ साहेब कपाळाला हात लावायचे, आणि वायरमन, त्याला स्वतःलाही हे कबूल नव्हतं, पण जरा लगबगीनंच गाडीची किल्ली उचलायचा. एकदा तर जाताना त्यानं बिस्किटांचे दोन पुडे घेतले. बिघाड काढायला जाताना बिस्किटं कोण नेतं?

पाचव्या वेळी मात्र त्याच्या डोळ्यांनी त्याला सोडलं नाही. घूस कुरतडते तेव्हा दातांच्या रेघा उठतात. खोदाईच्या यंत्रानं केबल ओढली तर आतली काच लांबवर पिचत जाते. ही केबल भोपळा चिरावा तशी चिरली होती. मागच्या खेपांचे कापही त्याला आठवले. ट्रकवाली पहिली खेप सोडली तर सगळे असेच होते. त्यानंच ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

तो जोडकाम न काढता सरळ घरात गेला. स्वयंपाकघरात टेबलावर दोन कप मांडून ठेवले होते. चहाला आधण आलं होतं. त्यानं हाक मारायच्या आधीच.

"मावशी, हात दाखवा."

"कशाला?" तिनं हात शालीत ओढून घेतले.

"दाखवा तर."

"काजळी आहे. भांडी घासत होते."

"काजळी अशी चिकटत नाही."

केबलच्या पोटात एक जेली भरलेली असते, पाणी शिरू नये म्हणून. ती एकदा हाताला लागली की साबणानं जात नाही. वायरमनला ती जन्मोजन्मीची ओळख असावी तशी ओळखता येत होती. मावशीनं शेवटी हात पुढे केले. दहाही बोटं चिकट, आणि एका अंगठ्याला झाडं छाटायच्या कात्रीचा वळ.

त्यानं गाडीतून स्पिरिटची बाटली आणि कापूस आणला, तिच्यासमोर स्टूल ओढून बसला आणि तिचं एकेक बोट पुसायला लागला.

"धरून नेणार का रे मला?" मावशीनं विचारलं.

"कशाला केलंत?"

"तू येतोस ना मग."

तो नखांच्या कडा साफ करत राहिला.

"फोन होता तेव्हा बरं होतं," मावशी म्हणाली. "त्या कोनाड्यात होता. मुलगा करायचा, मी करायचे. मग ही तुमची काळी केबल आली आणि माणसं येऊन खांब उपटून गेली. म्हणाली, आता जुनं बंद, नवं येणार. नवं आलं ते दारावरून पुढे निघून गेलं. मोबाइल दिला मुलानं, तो या खड्ड्यात मुका. टेकडीवर चढून बोलायचं म्हणे. या गुडघ्यांनी?"

वायरमनचा हात थांबला. त्या हंगामात तांब्याच्या तारा उतरवणाऱ्या टोळीत तो स्वतः होता. हातात यादी, यादीत सतरा नंबर, प्रत्येकापुढे 'बंद' असं लिहायचं. पुलाजवळचा खांब त्याला आठवत होता. वाकडा होता, काढायला त्रास झाला होता. त्या तारेच्या टोकाला कोण आहे, हे काही यादीत लिहिलेलं नव्हतं.

"मावशी, पुढच्या गावात दवाखाना आहे," तो म्हणाला. "तिथली नर्स आजारी माणूस या केबलमधून शहरातल्या डॉक्टरला दाखवते. आज सकाळी एक बाळंतीण तीन तास ताटकळली."

मावशीचा चेहरा उतरला. "बरी आहे ना ती?"

"बरी आहे. गाडीनं नेली."

"मला वाटलं, पोरं पिक्चर बघतात त्यातून."

"तेही बघतात."

"पुन्हा नाही करणार," ती म्हणाली. मग लहान मुलीसारखं, "पण चहा तर घेशील?"

त्यानं घेतला. चोवीसच्या चोवीस तंतू जोडले. अहवालात कारण लिहिलं, 'घुशीने कुरतडले.' नोकरीत लिहिलेली ती त्याची पहिली खोटी ओळ.

दुसऱ्या दिवशी तो अर्ज घेऊन साहेबांपुढे उभा राहिला. त्या एका घराला जोडणी द्यावी. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"योजना गावांसाठी आहे. एका घराला गाव कसं म्हणू?"

"केबल तिच्या भिंतीपासून दहा पावलांवरून जाते साहेब."

"हत्तीही दारावरून जातो. म्हणून काय आपण त्याच्यावर बसतो?"

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी अर्ज वर पाठवला. वरून तो आणखी वर गेला आणि तिथे त्याला बहुधा झोप लागली.

महिना गेला. मग वायरमननं सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं दार वाजवलं. शाळेला दोन फोन नंबर मिळाले होते आणि त्यांतला एक नुसता पडून होता, हे त्याला माहीत होतं. केबलमधले बारा तंतूही रिकामेच होते. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी काहीच बघितलं नाही, असं ना?" त्या म्हणाल्या.

"असंच."

"मग मला सांगितलंत कशाला? नुसतं करून टाकायचं." आणि त्यांनी शाळेतल्या यंत्राच्या खोलीची किल्ली दिली.

एक रिकामा तंतू त्यानं पुलाजवळच्या जोडपेटीतून वेगळा काढून मावशीच्या खिडकीतून आत घेतला. कोनाड्यातली धूळ पुसली. त्यात उजेडाचा आवाज करणारी एक लहान डबी आणि पांढरा फोन ठेवला. दुपारी चार वाजता फोनमध्ये सूर आला. मावशीला मुलाचा नंबर तोंडपाठ होता. तिनं केस नीट केले आणि मग आकडे दाबले.

"मी बोलतेय रे. आई. हो, घरातून! घरातूनच! अरे, वायरमननं..." मग ती ऐकत राहिली. "बरं. बरं, कर काम. नंतर कर."

फोन ठेवून ती वायरमनकडे वळली. "मीटिंगमध्ये होता. पण आवाज किती जवळून आला रे. खोकला झालाय त्याला."

मुलानं फोन केला, दोन दिवसांनी. पुढेही करत राहिला, कधी आठवड्यानं, कधी पंधरवड्यानं. वाईट मुलगा म्हणता येणार नाही. कामात बुडालेला होता एवढंच. मधले दिवस मावशी वायरमनला फोन करायची. कोनाड्याच्या भिंतीवर तिनं त्याचा नंबर पेन्सिलनं मोठ्या आकड्यांत लिहून घेतला होता. तो बहुतेक कुठल्यातरी रस्त्याकडेच्या केबलच्या चेंबरमध्ये उकिडवा बसलेला असे.

"मावशी, खड्ड्यात आहे मी."

"मीही खड्ड्यातच आहे, सांग काय म्हणतोस."

मग कोंबड्यांच्या बातम्या. आरडणारी एकदा अंडं घालून बसली त्याचा सोहळा. त्याच्या बायकोची चौकशीही ती न चुकता करायची.

"आली का रे?"

"नातू शाळेत रुळला की येईल."

"तू जा की तिकडे."

"मी तिकडे जाऊन काय करू?"

"इथे काय करतोस?" मावशी विचारायची. गुरुवारी त्या बाजूला फेरी असली की तो थांबायचा. दोघं टेबलाशी बसायची. कधीकधी अर्धा तास कुणीच बोलत नसे, आणि त्याचं काही वाटत नसे.

अकरा महिने झाले. त्या जागी एकही बिघाड नाही. साहेबांनी तक्ता पाहिला आणि खूश झाले. "पाइप न बदलता घुशी गेल्या! सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा." वरच्यांनीही तक्ता पाहिला. ज्या लाइनला बिघाडच नाही, तिथे अनुभवी माणूस कशाला अडकवून ठेवायचा? डोंगराकडच्या भागात नवी केबल पडत होती, दोनशे किलोमीटरवर. तिथे जोडकाम येणारे हात हवे होते. चांगलं काम केल्याचं बक्षीस म्हणून त्याला तिकडे धाडलं.

तो सांगायला गेला तेव्हा मावशी कांदे काढत होती. बातमी ऐकून तिनं हातातला कांदा झटकला, माती पडली तिकडे बघत राहिली.

"फोन आहे ना," ती म्हणाली. "तूच तर जोडून दिलायस." मग त्याला दोन किलो कांदे बांधून दिले, नको नको म्हणत असताना.

डोंगराकडे त्याला सरकारी विश्रामगृहातली एक खोली मिळाली. एक खाट, एक खिडकी, खिडकीबाहेर पाण्याची टाकी. काम उदंड होतं. नव्या गावांत तो पोचला की लोक गोळा व्हायचे, पहिल्यांदा चित्र लागलं की टाळ्या वाजायच्या, आणि टाळ्या संपेपर्यंत हा यंत्र पेटीत भरून पुढच्या गावाला लागलेला असायचा. सगळा हिवाळा दर गुरुवारी मावशीचे फोन येत राहिले. इकडे थंडी किती, तिकडे किती, हे दोघं रोजच्या भाजीसारखं निवडत बसायची.

मग एकदा गुरुवार कोरडा गेला. पुढचाही. त्यानं स्वतः लावला. तिकडे घंटी वाजत राहिली. त्याला लाइन तपासायची सवय, म्हणून त्यानं जुन्या ऑफिसात विचारलं. लाइन उत्तम होती, एक खोटसुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदा त्याला वाटलं, बिघाड निघाला असता तर बरं.

शेवटी त्यानं मुख्याध्यापिकाबाईंना फोनवर गाठलं.

"तुम्हाला कळलं नाही?" बाई म्हणाल्या. "त्या स्वयंपाकघरात पडल्या. मांडीचं हाड. सरपटत कोनाड्यापर्यंत गेल्या आणि मुलाला फोन लावला. तो चार तासांत आला. आता शहरातच आहेत, त्याच्याकडे. ऑपरेशन चांगलं झालंय म्हणे. फोन नसता तर काही खरं नव्हतं."

वायरमननं डोळे मिटून घेतले. मोठ्या बोज्याखालून बाहेर आल्यासारखं झालं त्याला. आणि त्याच दमात मनात आलं, मला नाही केला फोन. लगेच स्वतःचीच लाज वाटली. दोनशे किलोमीटरवरून तो काय करणार होता? मुलालाच करायला हवा होता. तिनं बरोबर केलं होतं.

बाईंकडून त्यानं मुलाचा नंबर घेतला. नंबर आठ-दहा दिवस खिशात राहिला. काय कारण सांगायचं, तेच ठरेना. एका दुपारी, गावाच्या चावडीवजा इमारतीत जोडकाम करता करता, त्यानं यंत्र बाजूला ठेवलं आणि नंबर लावला.

"कोण?" पलीकडे घाईतला आवाज.

"मी वायरमन बोलतोय. पुलाजवळच्या घराचा."

"हां हां! तुमच्याबद्दल आई सारखी सांगते. थांबा हं, देतो." मग मागून भांड्यांचा आवाज, टीव्ही, कुणी लहान मूल खिदळत होतं, कुणीतरी म्हणत होतं, आजी, तुमचा फोन.

"हॅलो?" मावशीचा आवाज जवळून आला, पण बारीक.

"मावशी, मी."

"अगंबाई, वायरमन! लाइन तुटली का रे?"

"नाही. लाइन चालू आहे."

"मग?"

"सहजच केला."

"काय म्हणालास? ऐकू येत नाही. इथे माणसं फार आहेत रे बाबा, सकाळपासून गलका." ती ओरडून बोलत होती आणि तिच्या आवाजात तक्रार होती, तशी तक्रार करायला मिळाल्याचं सुखही होतं. "पणती झोपूच देत नाही. तुझी बायको आली का?"

"येईल."

"हं? बरं बरं. जेवत जा वेळेवर. ठेवू का? ही बघ फोन ओढतेय..."

"ठेवा मावशी. सांभाळून राहा."

शेवटचं तिला ऐकू गेलं नसावं. फोन बंद झाला होता.

वायरमनसमोर सोललेली टोकं पसरली होती, निळं, केशरी, हिरवं. अजून अकरा जोडायची होती. त्यानं आठ जोडली. मग उरलेली तीन उद्यावर टाकली, पेटी बंद केली आणि इमारतीची किल्ली शेजारच्या दुकानात देऊन टाकली. दुकानदारानं विचारलं, "काय वायरमन, कधी सुरू होणार?"

"उद्या," तो म्हणाला, आणि गाडीकडे चालायला लागला.